टाळ्या, टोमणे आणि दुसऱ्याच्या अंगणातली धूळ

मित्रांनो, आधी एक कबुली देतो. २० एप्रिलला संध्याकाळी सातच्या सुमारास टेक्सासमधून स्पेसएक्सचं स्टारशिप उडालं आणि चारेक मिनिटांत आकाशातच फुटलं. पुढच्या दहा मिनिटांत मी याच पानावर मथळा टाकला, ‘मस्कच्या स्वप्नांच्या चिंधड्या’. लाइक्स धो धो पडले. रात्री झोपताना मलाच तो मथळा खटकला. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

त्या मथळ्याखाली तुम्ही लोकांनी सरळ दोन पार्ट्या पाडल्या. पहिली पार्टी म्हणाली, ‘फुसका बार! एवढे पैसे असून शेवटी दिवाळीच केली ना.’ दुसरी म्हणाली, ‘रॉकेट फुटलं तरी त्यांच्या कंट्रोल रूममध्ये टाळ्या वाजल्या. याला म्हणतात संस्कृती. आपल्याकडे नापास पोराला बाप कुटतो.’ दोन्हीकडचे भाऊ जोरात होते, पण मला दोन्ही बाजू अर्ध्याच वाटल्या.

पहिल्या पार्टीला सांगायचं तर, हा फुसका बार नव्हता. सुमारे १२० मीटर उंचीचं, खालच्या टप्प्यात ३३ इंजिनं असलेलं रॉकेट पहिल्यांदाच पूर्ण जोडून उडवलं होतं. काही इंजिनं बंद पडली, तरी ते ३० किलोमीटरच्या वर गेलं. मग गरगरायला लागलं आणि यंत्रणेने ते समुद्रावर नष्ट केलं. पूर्ण यश मिळेल असं कंपनीनेही आधी सांगितलं नव्हतं. चाचणी असते ती फुटण्यासाठीच, म्हणजे पुढे आत माणूस बसेल तेव्हा ते फुटू नये. त्यामुळे माझा मथळा चूक होता.

आता दुसरी पार्टी. अपयश पचवायला शिकायला अमेरिकेला जायची गरज नाही. १० ऑगस्ट १९७९ ला आपलं एसएलव्ही-३ श्रीहरिकोट्याहून उडालं आणि बंगालच्या उपसागरात पडलं. मोहिमेचे प्रमुख होते अब्दुल कलाम. पत्रकारांसमोर मात्र इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन गेले आणि जबाबदारी त्यांनी घेतली. पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० ला, यश आलं तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केलं. हा किस्सा खुद्द कलामांनीच अनेकदा सांगितला आहे. धवनांनी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते उत्तर द्यायला उभे राहिले. मला फरक इथे दिसतो.

कारण २० तारखेला रॉकेटसोबत आणखी एक गोष्ट फुटली, ती म्हणजे खालची जमीन. एवढ्या मोठ्या रॉकेटच्या खाली आगीचा लोट बाजूला वळवायला चर खोदतात, पाण्याचा मारा करतात. इथे तसा चर नव्हता. असं न करणं चूक ठरू शकतं, हे मस्कने स्वतः २०२० मध्ये लिहिलं होतं. पाण्याने थंड होणारी पोलादी प्लेट तयार होत होती, पण वेळेत झाली नाही. काँक्रीट एका उड्डाणापुरतं टिकेल असा हिशेब केला गेला. ते टिकलं नाही. लाँच पॅडखाली खड्डा पडला, काँक्रीटचे तुकडे लांबवर उडाले. तिथल्या वन्यजीव खात्याच्या म्हणण्यानुसार मलबा ३८५ एकरांवर पसरला आणि साडेतीन एकरांवर आग लागली. मेलेले पक्षी-प्राणी सापडले नाहीत, हेही त्याच खात्याने सांगितलं, तेवढं मान्य करू. दहाएक किलोमीटरवरच्या पोर्ट इझाबेल या छोट्या गावात मात्र घरांवर, गाड्यांवर वाळूसारखी धूळ पडली. एका जिमची काच फुटल्याची बातमीही आली.

त्या भागातलं मतही एकसारखं नाही. ब्राउन्सव्हिल हे गरीब शहर. तिथल्या अनेकांना रोजगार दिसतो, पर्यटक दिसतात. दुसरीकडे समुद्रकिनाऱ्याचा रस्ता वारंवार बंद होतो म्हणून चिडलेले लोक आहेत. ती भूमी पवित्र मानणारे कॅरिझो-कोमेक्रुडो आदिवासी आहेत. कंट्रोल रूममधल्या टाळ्या जगाने ऐकल्या. आपल्या गाडीवरची धूळ पुसणाऱ्याचं म्हणणं किती जणांनी ऐकलं?

‘खासगी कंपनी आहे, तिचे पैसे, तिची मर्जी,’ असंही एकाने लिहिलंय. भाऊ, याच स्टारशिपपासून चंद्रावर उतरणारं यान बनवायला नासाने २०२१ मध्ये सुमारे २.९ अब्ज डॉलरचं कंत्राट दिलंय. तो करदात्यांचा पैसा आहे. आणि समजा नसता, तरी धूळ कंपनीच्या कुंपणाशी थांबते का?

‘टेक्सासच्या धुळीचं आपल्याला काय?’ असं म्हणणाऱ्यांनी २०२२ चा पाडवा आठवावा. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी आकाशातून जळत जाणारे गोळे आपण सगळ्यांनी पाहिले, व्हिडिओ काढले. आपल्याच जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची भलीमोठी रिंग येऊन पडली. अभ्यासकांनी चिनी रॉकेटकडे बोट दाखवलं. नशीब, कुणाच्या डोक्यावर पडली नाही. ते रॉकेट उडालं तेव्हा कुठेतरी टाळ्या वाजल्याच असतील. लाडबोरीच्या माणसाला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

आणि रॉकेटच कशाला पाहिजे? खाणीला लागून असलेल्या आपल्या गावांत ब्लास्टिंगने भिंतींना तडे जातात. मी वीस वर्षं ते तडे बघतोय. एका जनसुनावणीत एक आजी घराच्या पडलेल्या पोपड्यांचा तुकडा पदरात बांधून घेऊन आली होती. तिला बोलायला दोन मिनिटंही मिळाली नाहीत. बाहेर चहाच्या टपरीवर चर्चा काय, तर ‘विकास पाहिजे की नको’. आजी विकासाला नको म्हणतच नव्हती. भिंत कोण बांधून देणार, एवढंच विचारत होती.

रॉकेटं उडाली पाहिजेत, फुटली तरी चालतील. तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाने २०२३ मध्ये चौकशी होईपर्यंत पुढचं उड्डाण थांबवलं होतं आणि मला ते योग्य वाटतं. त्याला साहसाच्या पायातली बेडी म्हणू नका. जोखीम घेणाऱ्याने आपली जोखीम घ्यावी, शेजाऱ्याची त्याला न विचारता घेऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

माझा मथळा मी बदललाय. आता तिथे लिहिलंय, ‘स्टारशिपची चाचणी चार मिनिटांत संपली, धुळीचा हिशेब बाकी’. लाइक्स कमी पडतील, पडू देत. पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला की टाळी वाजवा, टोमणा मारा, तुमची मर्जी. फक्त खालच्या गावाचं नाव काय, तेवढं एकदा शोधून बघा.