बहिर्जीचा चेहरा

मंडळी, 'फर्जंद'मध्ये (२०१८) बहिर्जी नाईक होते प्रसाद ओक. पुढच्याच वर्षी 'फत्तेशिकस्त'मध्ये आले हरीश दुधाडे. आमच्या नातलगांचं अजून तेच पालुपद, "पहिलाच बरा होता हो!"

अहो, बहिर्जी हेर होता! ओळखू न येणं हेच त्याचं काम. १६६४च्या स्वारीआधी सुरतेची बित्तंबातमी त्याने काय नाव सांगत फिरून काढली? त्याचा चेहरा तुम्हीआम्ही पाहिलाय कुठे, म्हणून 'हा तो नव्हे' म्हणायचं?

तिकडे डॅनियल क्रेग बाँड होणार म्हटल्यावर त्याच्या सोनेरी केसांवरून गदारोळ झाला होता. २००६ साली 'कॅसिनो रोयाल' आला आणि तोंडं मिटली. २०२१पर्यंत तोच बाँड होता.

आमच्या भीमाशंकरच्या डोंगरांपलीकडे जुन्नर. १६५७ साली महाराजांनी तिथे रात्री तटाला शिड्या लावून छापा घातला. त्याआधी कुणीतरी तट, पागा, पहारे पाहून गेलंच असणार. त्यांचे चेहरे सोडाच, नावंही उरली नाहीत. हळहळायचंच तर त्यांच्यासाठी हळहळा. नट काय, बदलायचेच. नव्याने काम चोख केलं की नाही, एवढंच बघा.

पटत नसेल तर खुशाल भांडायला या. चहा ठेवतो.