फळ्यावरची पटसंख्या आणि वहीतली हजेरी

शिष्यवृत्तीच्या अर्जांचं काम शाळेत माझ्याकडे आहे. गेल्या साली मुदत संपल्यावर आठवीतल्या एका मुलीचे वडील भेटायला आले. माझ्या लॉगिनमध्ये त्यांच्या मुलीचं नाव नव्हतं, म्हणून तिने अर्ज भरलाच नाही असं मी गृहीत धरलं होतं. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "सर, इसमें तो 'सादर झाला' आ रहा है ना?" खरंच येत होतं. अर्ज क्रमांकही होता. ती मुलगी माझ्या वर्गात रोज पुढच्या बाकावर बसते आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. आधी ही माझी चूक मान्य करतो, मग पुढचं बोलतो.

त्या आठवड्यात पोर्टलवर एक पट्टी फिरत होती : "तांत्रिक स्थलांतरामुळे शुक्रवार रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंत सेवा बंद राहील." मुलीने अर्ज भरला होता शनिवारी, गावातल्या एका ऑनलाइन सेवा केंद्रात. सेवा बंद असताना अर्ज गेला कसा? माझा भाचा पुण्यात याच कामात आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, "मामू, जुनं घर रिकामं केलं, पण दाराला कुलूप लावायला विसरले."

त्याने बांधलेला अंदाज असा. शुक्रवारी रात्री जुन्या सर्व्हरवरची सगळी माहिती नव्या क्लाऊडवर नकलून घेतली आणि वेबसाइटचा पत्ता बदलला. पण पत्ता बदलला की सगळ्यांना तो त्याच क्षणी कळत नाही. नावावरून पत्ता सांगणारी जी यंत्रणा आहे, तिच्यात प्रत्येक नोंदीला मुदत असते, तिला टीटीएल म्हणतात. तोवर जुना पत्ता खरा मानला जातो. केंद्रातल्या संगणकाने शनिवारी जुनाच पत्ता धरला, जुना सर्व्हर अजून चालू होता, त्याने अर्ज घेतला आणि क्रमांकही दिला. नक्कल मात्र आदल्या रात्रीच झाली होती. म्हणजे अर्ज अशा वहीत लिहिला गेला जी पुन्हा कोणी उघडणार नव्हतं. स्थलांतराच्या दोन-चार दिवस आधी ती मुदत पाच मिनिटांवर आणून ठेवायची आणि नक्कल सुरू करताना जुन्या ठिकाणी नवी नोंद घेणं थांबवायचं, एवढं केलं असतं तरी हे टळलं असतं. त्याच्या मते ही पहिल्या वर्षाला शिकवायची गोष्ट आहे.

आणि मोबाइलवर दिसणारं "सादर झाला"? ते कॅशे. पैशाचं कॅश नव्हे. आमच्या शाळेच्या उदाहरणाने सांगतो. रोज सकाळी फळ्यावर पटसंख्या आणि उपस्थिती लिहितात. खरी हजेरी वर्गावर्गाच्या वहीत असते, पण प्रत्येक वेळी आठ वह्या कोण चाळणार? खिचडी शिजवणाऱ्या बाई फळ्याकडे पाहून तांदूळ मोजतात. फळा म्हणजे कॅशे, वही म्हणजे मूळ डेटाबेस. फळा पुसायचा राहिला तर कालच्या आकड्यावर आजची खिचडी शिजते आणि शेवटच्या रांगेतली पोरं उपाशी राहतात. त्या मुलीच्या वडिलांना पंधरा दिवस न पुसलेला फळा दिसत होता.

म्हणून घर बदलताना फळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. नुसता कोरा फळा टांगून नवी शाळा उघडली तर सगळे एकदम वहीवर तुटून पडतात आणि वही फाटते. 16 जुलै 2021 आठवा. दहावीचा निकाल दुपारी एकला लागणार होता. परीक्षाच झाली नव्हती, निकाल 99.95 टक्के होता, तरी लाखो मुलं एकाच मिनिटाला आली आणि संकेतस्थळं कित्येक तास उघडली नाहीत. तिथे स्थलांतर नव्हतं, नुसती गर्दी होती. पण निकाल ही एकदा लागला की सहसा न बदलणारी गोष्ट आहे. फळ्यावर लिहून ठेवायला याहून सोपं दुसरं काय असेल?

चांगली माणसं हे कसं करतात तेही भाच्याने सांगितलं. कॅशेसाठी जगभर वापरलं जाणारं 'रेडिस' हे सॉफ्टवेअर साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन प्रोग्रॅमरने 2009 मध्ये आणलं. मार्च 2024 मध्ये त्याच्या परवान्याच्या अटी बदलल्या, आणि त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली 'वॅल्की' नावाची त्याची मुक्त शाखा निघाली. अनेकांनी तिकडे बिऱ्हाड हलवलं, आणि ते वापरणाऱ्याला कळू न देता करता येतं. नवा सर्व्हर आधी जुन्याचा शागीर्द म्हणून बसवायचा. तो उस्तादाचं सगळं उतरवून घेतो, नंतर येणारी प्रत्येक नवी नोंदही घेत राहतो. दोघांचं तंतोतंत जुळलं की शागिर्दाला गादीवर बसवायचं. अर्धा अर्ज भरून बसलेला माणूस बाहेर फेकला जात नाही.

आम्हा मूर्तिजापूरकरांना दुसरी रीत चांगली ठाऊक आहे. आमच्या स्टेशनातून एका बाजूला यवतमाळला आणि दुसऱ्या बाजूला अचलपूरला जाणारी शकुंतला 1994 मध्ये वाफेवरून डिझेलवर आली, तेव्हा गाडी चालत राहिली. पुढे ब्रॉडगेजच्या घोषणा झाल्या, दोन्हीकडच्या गाड्या एकेक करून बंद पडल्या, आणि नव्या गाडीची वाट पाहणं आमच्या नशिबी आलं. अकोला-अकोट मीटरगेज 2017 च्या सुरुवातीला बंद झाली, ब्रॉडगेजवर पुन्हा गाडी धावली 2022 च्या अखेरीस. रेल्वेचं एक समजू शकतो, जागा एकच असते, जुना रूळ उखडल्याशिवाय नवा टाकता येत नाही. सॉफ्टवेअरला मात्र दुसरा रूळ टाकायला शेतकऱ्याची जमीन लागत नाही. दोन सर्व्हर महिनाभर शेजारी शेजारी चालवले तर थोडं भाडं जास्त पडेल, एवढंच.

आणि रेल्वेनेही जिथे करायचं ठरवलं तिथे करून दाखवलंच. मुंबईच्या लोकल 1,500 व्होल्ट डीसी विजेवर चालायच्या, त्या 25,000 व्होल्ट एसीवर न्यायच्या होत्या. मुंबईची लोकल पाच वर्षं बंद ठेवा असं म्हणायची कोणाची हिंमत होती? दोन्ही विजांवर चालतील असे डबे आणले, रात्रीचे आणि रविवारचे ब्लॉक घेतले, तुकड्या-तुकड्याने तारा बदलल्या. पश्चिम रेल्वेचं 2012 मध्ये पुरं झालं, मध्य रेल्वेची हार्बर लाइन 2016 मध्ये. वर्षानुवर्षं एकच गाडी अर्धी वाट जुन्या विजेवर आणि अर्धी नव्या विजेवर धावली. डब्यातल्या माणसाला त्याचं काय? त्याला कामाला जायचं होतं.

हा फरक तंत्राचा नाही असं माझं मत आहे. कोणाची गैरसोय चालते आणि कोणाची चालत नाही, त्याचा आहे. चर्चगेटचा प्रवासी अडला तर दिवसभर टीव्हीवर दिसतो. आमच्या मोहल्ल्यातली मुलगी अडली तर तिचे वडील दिवसाची मजुरी बुडवून माझ्याकडे येतात, बस्स.

श्रीमंत देशातही अशी बेफिकिरी होते, फक्त तिथे हिशोब मागतात. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल 2018 मध्ये 50 लाखांहून जास्त ग्राहकांची माहिती एका शनिवार-रविवारात नव्या प्रणालीवर नेली. सुमारे 19 लाख लोकांना आपलंच खातं उघडता येईना, कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. नियामकांनी 2022 मध्ये बँकेला 4 कोटी 86 लाख पौंडांहून जास्त दंड ठोकला. आपल्याकडे पोर्टल बंद पडलं तर फार तर मुदतवाढ मिळते, तीही कधी कधी शेवटच्या रात्री.

माझी मागणी मोठी नाही. मुख्याध्यापकांची बदली झाली की आमच्याकडे चार्ज देतात. डेडस्टॉक रजिस्टर उघडून खुर्च्या, टेबलं, घंटा एकेक मोजतात आणि देणारा-घेणारा दोघं सही करतात. तसा चार्ज डेटाचाही द्या. जुन्या वहीत किती अर्ज, नव्या वहीत किती, हे जाहीर करा. एकाचाही फरक असेल तर जुनी वही फेकू नका. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात घर बदलू नका. आणि ज्याच्याकडे क्रमांकाची पावती आहे त्याचा अर्ज आला असंच धरा, शोधायचं काम तुमचं.

उर्दूत स्थलांतराला हिजरत म्हणतात. वर्गात हा शब्द शिकवताना मी मुलांना विचारतो, घर सोडताना बरोबर काय न्याल? पुस्तकं, अम्मी, शेळी अशी उत्तरं येतात. मागे कोणाला ठेवाल, असं मी कधी विचारलं नव्हतं.

त्या मुलीसाठी पावतीच्या छायाप्रतीसह तीन अर्ज केले. तिसऱ्याला उत्तर आलं : प्रणालीत नोंद आढळत नाही. त्या वर्षाची रक्कम बुडाली. यंदा अर्ज सुरू झाले तेव्हा मी दोनशे पानी वही आणली आणि प्रत्येक मुलाचा अर्ज क्रमांक, तारीख आणि वेळ लिहायला लागलो. दर शुक्रवारी ती वही लॉगिनमधल्या यादीशी ताडून पाहतो. पहिलं नाव तिचंच आहे.