उलव्याच्या रस्त्यावर दिव्यांचा अत्याचार

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे खाडीवरून धुके नवी मुंबईच्या उलवे नोडमध्ये शिरते. त्यात डंपरांनी उडवलेली धूळ मिसळली की आम्र मार्गावर पन्नास पावलांपुढचे काही दिसत नाही. जुलैत तेच काम पाऊस करतो. अशा वेळी ज्या दिव्यांवर माणसांचे प्राण अवलंबून, त्या दिव्यांचा या नोडमध्ये जो बेताल वापर चालला आहे, त्याला आम्ही सरळ गुन्हा म्हणतो. चांदण्या रात्री फॉग लॅम्प भगभगत असतात. धुके पडले की गडी अप्परवर. आणि पाऊस कोसळू लागला की चारही इंडिकेटर लुकलुकवत गाडी ऐंशीने सुटते!

फॉग लॅम्प बंपरच्या खालच्या अंगाला का बसवतात, याचा विचार या लोकांनी कधी केला आहे काय? धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. अप्परचा झोत थेट त्यांच्यावर आदळतो आणि परतून चालकाच्याच डोळ्यांत येतो. समोर पांढरी भिंत उभी राहते. फॉग लॅम्पचा प्रकाश रुंद, चपटा, वरच्या बाजूला कापलेला असतो. तो जमिनीलगत पसरतो, रस्त्याची कड आणि पांढरा पट्टा दाखवतो. सारी करामत त्या कोनाची आहे, रंगाची फारशी नाही. पिवळी फिल्म चिकटवून धुके फाटत नाही. आणि बाजारातून आणलेली पांढरी एलईडी पट्टी बंपरवर आडवी ठोकली, तिला ना कोन ना मर्यादा, तर ती समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ऐन वळणावर आंधळे करते. असली पट्टी विकणारा आणि बसवून देणारा, दोघेही या पापाचे भागीदार आहेत.

चार इंडिकेटरांचा रोग तर याहून वाईट. तो इशारा थांबलेल्या, बंद पडलेल्या गाडीसाठी आहे. धावत्या गाडीने तो लावला की मागच्याला ही गाडी उभी आहे की चालती, हे कळत नाही. ती लेन बदलणार असेल तर तेही कळत नाही. बेलापूरहून उलव्याकडे येताना पावसात अशा लुकलुकणाऱ्या गाड्यांची माळच्या माळ दिसते, आणि प्रत्येकाला वाटते आपण मोठी खबरदारी घेतली!

याहून घातक आहे ते मागचे अंधारलेपण. नव्या गाड्यांच्या पुढच्या बाजूला दिवसा आपोआप बारीक दिवे लागतात. चालकाला वाटते लाईट चालू आहे. पण बहुतेक गाड्यांत तेवढ्याने टेललॅम्प लागत नाहीत. म्हणजे सकाळी सातच्या धुक्यात गाडी पाठीमागून अदृश्य. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाईट कायम चालू राहतो. मोटारीत बसलेल्या साहेबांना मात्र एक दांडी फिरवण्याचे कष्ट होतात. ज्यांच्या गाडीला मागचा लाल फॉग लॅम्प आहे, त्यातल्या किती जणांना त्याचे बटण ठाऊक आहे? पॅनेलवर हिरवे चिन्ह पुढच्याचे, पिवळसर ते मागच्याचे. जर्मनीत धुक्यामुळे पन्नास मीटरपेक्षा कमी दिसत असेल तरच तो लाल दिवा लावता येतो, आणि तेव्हा वेगही पन्नासच्या आत ठेवावा लागतो. धुके विरले की तो विझवायचा, कारण त्याच्या लालीत ब्रेकलाईट हरवतो.

आणि ट्रेलर! न्हावा शेव्याच्या बंदराकडे जाणारा, कंटेनर उतरवलेला रिकामा ट्रेलर म्हणजे जमिनीसरसा लोखंडी सांगाडा. टेललॅम्पची काच फुटलेली, रिफ्लेक्टरवर चिखलाचा थर, मागे एक मळकी लाल चिंधी. गव्हाण फाट्याजवळ कडेला असा सांगाडा उभा असेल, तर धुक्यात तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. ताशी 80 च्या वेगात गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच तीस-पस्तीस मीटर संपतात. असल्या ट्रेलरला पासिंग देणारा हात कोणाचा? त्याचे नाव जाहीर झालेच पाहिजे.

कायदा नाही म्हणून हे चालले आहे काय? मुळीच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 चा नियम 105 सांगतो, की सूर्यास्तानंतरच नव्हे, पुरेसा उजेड नसेल तेव्हा कधीही दिवे लावलेच पाहिजेत. मग पावती फाडायला हात का धजत नाहीत? आणि इकडे धोका तर वाढतच आहे. 12 जानेवारी 2024 रोजी मुंबईहून येणाऱ्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. ताशी 100 ची मुभा घेऊन येणाऱ्या मोटारी शिवाजीनगरच्या उतारावरून थेट उलव्यात उतरू लागल्या. 25 डिसेंबर 2025 पासून उशाशीच विमानतळ सुरू झाला. आता पहाटेची विमाने गाठणाऱ्या टॅक्सींची भर. खारकोपरला पहाटेची लोकल पकडायला पायी निघालेला माणूस या सगळ्यांच्या मधून रस्ता ओलांडतो. त्याच्या अंगावर ना दिवा, ना रिफ्लेक्टर.

परिवहन खात्याने आणि वाहतूक पोलिसांनी आता परिपत्रके काढत बसू नये. येत्या धुक्याआधी गव्हाण फाट्यावर पहाटे पाचला उभे राहा. टेललॅम्प नसलेला प्रत्येक ट्रेलर तिथेच अडवा, दिवा बसल्याशिवाय सोडू नका. एलईडी पट्ट्या जागेवर उतरवून जप्त करा, त्या विकणाऱ्या दुकानांत शिरा. वाहन चालवण्याच्या परीक्षेत उमेदवाराला फॉग लॅम्प लावून दाखवायला सांगा. ज्याला बटण सापडणार नाही, त्याला परवाना देऊ नका.