मोटरघराचं कुलूप आणि नारायण पेठेतला भाचा

आजची नोंद पिकाची नाही, कुलपाची आहे. पण शेवटी मोटरीपर्यंत येते, म्हणून वाचा.

गेल्या पंधरवड्यात पुण्यात काम होतं. मुक्काम नारायण पेठेत, भाच्याकडे. तो स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, कॉट बेसिसवर राहतो. रात्री अभ्यासिकेतून आला की पितळी कुलूप आणि दोन पोलादी काड्या घेऊन बसतो. म्हटलं, "अरे, ताईनं तुला अधिकारी व्हायला पाठवलंय की घरफोड्या?" तो म्हणाला, "मामा, तुमचं कुलूप द्या." पिशवीत मोटरघराचं कुलूप होतं, दुसरी किल्ली करून घ्यायला आणलेलं. दोन मिनिटांत उघडून हातावर ठेवलं. चार वर्षं मी त्याच्याच भरवशावर झोपत होतो!

एका कडेला करवतीसारखे दाते असलेली चपटी किल्ली म्हणजे बहुतेक पिनांचं कुलूप. अमेरिकेतल्या धाकट्या लायनस येलनं १८६१ साली पेटंट घेतलेली ही रचना. आत फिरणारा गोल गाभा, त्याच्यावर चार-पाच भोकं, प्रत्येकात एकावर एक दोन पिना आणि वर स्प्रिंग. वरची पिन अर्धी गाभ्यात उतरलेली, म्हणून तो फिरत नाही. बरोबर किल्ली घातली की दोन पिनांमधला सांधा गाभ्याच्या काठाशी येतो आणि गाभा मोकळा. आता गंमत अशी, की सगळी भोकं तंतोतंत एका रेषेत पाडणं कारखान्यालाही जमत नाही. त्यामुळे गाभ्याला हलका पीळ दिला की आधी एकच पिन अडकते. ती काडीनं वर सारायची, बारीक 'टिक' होते, मग पुढची. कुलूप जेवढं ढिसाळ, तेवढं काम सोपं.

मीही बसलो. नवशिक्याची चूक म्हणजे जोर. आपला हात पान्यानं नट आवळणारा. पीळ जास्त दिला की सगळंच जाम. कलम बांधताना बोटं चालतात तशी चालवावी लागतात. दुसऱ्या रात्री उघडलं तेव्हा एवढा ओरडलो की बाकीच्या कॉटवरची पोरं उठून बसली.

गावात पारावर सांगितलं तर एक जण म्हणाला, हे चोरांना शिकवणं झालं. मला पटत नाही. चोर काड्या घेऊन बसत नाही; पहारीनं कोयंडा उचकटतो, नाहीतर कटरनं कडी कापतो. अडाणी राहतो तो कुलपाचा मालक. १८५१ च्या प्रदर्शनाच्या वेळी लंडनमध्ये हॉब्ज नावाच्या अमेरिकी कुलूपवाल्यानं तिथली नावाजलेली कुलपं उघडून दाखवली, तेव्हाही त्याचं म्हणणं हेच होतं, की चोरांना हे आधीच ठाऊक आहे.

मात्र भाचा दोन बाबतीत कडक आहे. कुलूप स्वतःचंच, आणि दाराला लावलेलं सरावाला घ्यायचं नाही. तिसरी गोष्ट माझी: काड्या खिशात घालून रात्री हिंडू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १२२ प्रमाणे घरफोडीचं साधन रात्री सबळ कारणाशिवाय जवळ सापडलं तर गुन्हा आहे, आणि आपल्याला तर रात्रीच्या लाइटीला बॅटरी घेऊन बाहेर पडावंच लागतं.

घरी आल्यावर आधी कोयंडा बघितला. दोन स्क्रूंवर लटकलेला, चौकट वाळवीनं खाल्लेली. हातानं ओढला तर निघून आला. इतकी वर्षं कुलपाला काय म्हणून नावं ठेवायची? आता लोखंडी चौकट, आरपार बोल्ट. नवं कुलूप लिव्हरचं घेतलं. त्यात पिनांऐवजी पट्ट्या असतात, भाच्याच्या या काड्या तिथे चालत नाहीत. ज्यांची किल्ली अडकते त्यांनी जळकं ऑइल ओतणं बंद करा, धूळ धरून आत चिखल होतो. ग्रॅफाइटची पूड फुंका.

जुनं कुलूप टाकलं नाही. रात्री लाइटीची वाट बघत बसतो तेव्हा सरावाला लागतं.