सही आप्पांची, कागद कुणाचा?

गेल्या पावसाळ्यात आईला वॉशिंग मशीनचा शॉक बसला. हात झटकला म्हणून वाचली. दुसऱ्या दिवशी लाइनमन आला, टेस्ट लॅम्प लावून बघितलं आणि म्हणाला, "अर्थिंग इल्ला री."

घरात अर्थिंग नव्हतं. कागदावर मात्र होतं!

चार महिन्यांपूर्वी आम्ही माडीवर खोली चढवली, वायरिंग वाढवलं, एक किलोवॅटचा लोड तीन करून घेतला. त्या अर्जाची झेरॉक्स मी शोधून काढली आणि शाळेत शिकलेल्या कन्नडवर अक्षर अक्षर लावत बसले. 'वायरिंगची चाचणी झाली आहे, अर्थिंग सुस्थितीत आहे.' खाली आप्पांची सही, मराठीत. ज्या कंत्राटदाराचा शिक्का होता, त्यानं आमच्या घराचा उंबरा कधी ओलांडलेला नाही.

"आप्पा, हे वाचलं होतं का?"

"एजंटानं फुली मारली तिथं सही केली. मला कुठं वाचायला येतंय?"

परवानगी कशाला लागते, हा माझा प्रश्नच नाही. लागायलाच पाहिजे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली तर घरातलं वायरिंग परवानाधारक कंत्राटदारानंच करावं, असा नियम आहे आणि तो जीव वाचवण्यासाठी आहे. पण ज्याचा जीव वाचवायचा, त्यालाच कागद कळत नसेल तर तो नियम कुणाला वाचवतो?

२०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली दुरुस्ती झाली. नवीन जोडणी किंवा जोडणीतला बदल शहरी नगरपालिका भागात ७ दिवसांत, ग्रामीण भागात १५ दिवसांत झाला पाहिजे. छान! पण हे दिवस मोजायचे 'पूर्ण' अर्ज मिळाल्यापासून. आमचा अर्ज दोनदा परत आला. एकदा बिल आजोबांच्या नावावर म्हणून, एकदा एक रकाना रिकामा म्हणून. तो रकाना कशाचा, हे खिडकीवर कुणी सांगितलं नाही. तिसऱ्यांदा एजंटाला पैसे दिले आणि तोच अर्ज त्याच दिवशी 'पूर्ण' झाला. आपल्याला न कळणारी भाषा हेच एजंटाचं भांडवल आहे.

काहीजण म्हणतील, "मग कन्नड शिका की!" मी शिकले आहे. कन्नडशी माझं भांडण नाही. आमच्या घरातला धोका ओळखला तो कन्नड लाइनमननंच. पण साठीच्या आप्पांनी आधी भाषा शिकायची आणि मग घरात सुरक्षित वीज मागायची, हा कुठला न्याय?

आणि आम्ही काही जगावेगळं मागत नाही. १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत ठरलं होतं, की जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करायचे. वीज सुरक्षेचे नियमसुद्धा धोक्याची पाटी हिंदी किंवा इंग्रजीबरोबर जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत लावायला सांगतात. म्हणजे धोका लोकांना कळेल अशा भाषेत सांगावा, हे तत्त्व सरकारला मान्य आहे. मग ते खांबावरच्या कवटीपाशीच का थांबतं? सहीच्या कागदापर्यंत का येत नाही?

मागण्या तीनच. अर्ज आणि चाचणी अहवाल कन्नडसोबत मराठीतही द्या. सहीआधी मजकूर वाचून दाखवा. आणि घरी येऊन तपासल्याशिवाय शिक्का मारू नका.

तोवर आपण काय करायचं? न कळलेल्या कागदावर सही करायची नाही. कंत्राटदाराला घरी बोलवायचं, अर्थिंग आपल्यासमोर तपासून घ्यायचं, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्यायची. आणि तक्रार मराठीत लिहायची. राज्यघटनेचं कलम ३५० तो हक्क देतं. पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आमच्याकडे आता अर्थिंग आहे. आई अजूनही मशीनला हात लावताना आधी चप्पल घालते.