डेलिया : बहर सरल्यानंतर

थंडीचे दिवस आले की देशातील अनेक शहरांत पुष्पप्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणारे प्रदर्शन असो, अथवा विल्यम कॅरी यांच्या पुढाकाराने १८२० मध्ये स्थापन झालेल्या कोलकात्याच्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग असो, डेलियाच्या कुंड्यांभोवतीची गर्दी सहसा हटत नाही. ताटाएवढी फुले पाहून लहान मुले हात पसरून त्यांचे माप घेतात आणि मोठी माणसे छायाचित्रे काढतात. घरी परतताना वाटेतील रोपवाटिकेतून एखादी बहरलेली कुंडी हमखास खरेदी केली जाते.

मार्च संपता संपता याच कुंडीचे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. पाने पिवळी पडतात, खोड वाळते, आणि एके दिवशी कुंडी मोकळी करण्यासाठी माती, खोड आणि मुळे असे सारेच कचऱ्यात रिते केले जाते. त्या मातीत बोटाएवढ्या जाडीच्या कंदांचा एक घोस असतो, याची अनेकांना कल्पनाही नसते. पुढच्या डिसेंबरात नवी कुंडी येते. हा व्यवहार इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही गमावले जाते, असे कोणाच्या मनातही येत नाही. प्रत्यक्षात जे गमावले जाते, ते फुलापेक्षा मोलाचे असते.

डेलियाचे कौतुक प्रामुख्याने त्याच्या वैविध्यासाठी होते, आणि ते सार्थच आहे. एकाच नावाखाली इतकी भिन्न रूपे धारण करणारी फुलझाडे थोडी. एकेरी डेलियात मोजक्या सपाट पाकळ्यांचे एकच वलय आणि मध्ये पिवळी चकती असते. 'कोलरेट' प्रकारात बाहेरच्या पाकळ्या आणि चकती यांच्यामध्ये आखूड पाकळ्यांची, बहुधा निराळ्या रंगाची, गळपट्टी शोभते. 'पॉम्पॉन' जातीचे फूल सुमारे पाच सेंटिमीटरांपर्यंतचे, गोटीसारखे गोल आणि मधाच्या पोळ्यासारखे रेखीव असते. 'कॅक्टस' प्रकारातील पाकळ्या मागे वळून सुईसारख्या टोकदार होतात, तर रुंद पाकळ्यांचे 'डेकोरेटिव्ह' डेलिया पंचवीस सेंटिमीटरांहूनही मोठा व्यास गाठतात. वास्तविक ज्याला फूल म्हटले जाते, तो शेकडो लहान फुलांचा एक मेळावा असतो. प्रत्येक 'पाकळी' हे स्वतंत्र पुष्पक असते आणि मधल्या चकतीतील प्रत्येक ठिपकाही. सूर्यफूल, शेवंती आणि झेंडू यांचे कूळही हेच.

रंगांची श्रीमंतीही अशीच. लाल आणि जांभळ्या छटा अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे येतात. पिवळा रंग मात्र झेंडूसारखा कॅरोटिनॉइडांचा नसून चाल्कोन नावाच्या निराळ्या द्रव्यांचा असतो. दोन्ही एकत्र आली की शेंदरी आणि केशरी छटा उमटतात. दोन्हींचा अभाव असला की पांढरा वा हस्तिदंती रंग उरतो. निळा तेवढा या वैभवात नाही. निळ्या फुलांना लागणारे डेल्फिनिडिन हे द्रव्य डेलियात तयारच होत नाही, म्हणून दोन शतकांच्या खटाटोपानंतरही नेहमीच्या संकरातून निळा डेलिया कोणाला फुलवता आलेला नाही.

या वैविध्याचे मूळ त्याच्या गुणसूत्रांत आहे. बहुतेक वनस्पतींत गुणसूत्रांचे दोन संच असतात. बागेतल्या डेलियात ते आठ असतात. त्यामुळे बी धरताना गुणांची सरमिसळ एवढी होते की एकाच फुलाच्या बियांपासून उगवलेली रोपे परस्परांसारखी नसतात आणि आईसारखीही नसतात. नव्या वाणांच्या शोधात असणाऱ्यांना हे वरदान वाटते. परंतु याच गुणधर्माची दुसरी बाजू फारशी कोणी ध्यानात घेत नाही. आवडलेला डेलिया बियांतून पुन्हा मिळत नाही. तोच रंग आणि तीच घडण हवी असेल, तर त्याच झाडाचा कंद अथवा त्या कंदावरील कोंबाचे छाट कलम, एवढेच मार्ग उरतात. थोडक्यात, डेलियाचे प्रत्येक वाण हे पहिल्या एका रोपाचेच पुढे चालत आलेले आयुष्य असते. कोणीतरी दरवर्षी कंद जपला, म्हणून ते आज आहे. ज्या वर्षी सगळ्यांनी तो टाकला, त्या वर्षी ते संपले.

डेलियाचा इतिहास याची साक्ष देतो. ही वनस्पती मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या डोंगराळ भागातील. १७८९ मध्ये मेक्सिकोहून तिचे बी माद्रिदच्या शाही उद्यानात पोहोचले आणि १७९१ मध्ये तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ कावानिलेस यांनी अँडर्स डाल या स्वीडिश अभ्यासकाच्या स्मरणार्थ तिचे नामकरण केले. पुढील काही दशकांत युरोपात तिचे वेडच लागले. मात्र टोकदार पाकळ्यांचे सारे 'कॅक्टस' डेलिया ज्या वाणापासून उतरले, त्याची कथा एका कंदाची आहे. १८७२ मध्ये मेक्सिकोहून हॉलंडमध्ये आलेल्या पेटीतील जवळजवळ सर्व माल प्रवासात कुजून गेला होता. एक कंद तेवढा तगला. तो लावल्यावर त्याला मागे वळलेल्या पाकळ्यांचे तांबडे फूल आले, तसे फूल युरोपात कोणी पाहिले नव्हते. मेक्सिकोचे अध्यक्ष बेनितो हुआरेझ यांचे नाव त्याला देण्यात आले. पेटी उघडणाऱ्याने सारी घाण एकदम फेकून दिली असती, तर डेलियाचे एक पूर्ण घराणे अस्तित्वात येण्यापूर्वीच उकिरड्यावर गेले असते. वेल्समधील कार्डिफ येथे १९२४ मध्ये सादर झालेले 'बिशप ऑफ लँडाफ' हे काळसर पानांचे, लाल फुलांचे वाण आजही बागांतून फुलते. शंभर वर्षांत असंख्य अनोळखी हातांनी ते एका हिवाळ्यातून दुसऱ्या हिवाळ्यात पोहोचवले आहे.

आपल्या देशातही या फुलावर निष्ठेने काम झाले आहे. रामकृष्ण मिशनचे संन्यासी स्वामी विनयानंद यांनी येथील हवामानात डेलियाची अनेक नवी वाणे तयार केली. असे श्रम कोणाच्या तरी कुंडीतच टिकायचे असतात. बाजारात मात्र डेलिया बहुधा 'लाल', 'पांढरा', 'मोठा' एवढ्याच ओळखीने विकला जातो. नाव नाही म्हणून ओळख नाही, आणि ओळख नाही म्हणून जपण्याची ओढही नाही. घरचा कुत्रा वा दाराशी बांधलेली गाय यांना नाव असते. मग शंभर जणांनी थांबून पाहिलेल्या फुलाला ते का नसावे?

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते अगदीच निराधार नाहीत. पहिला असा की, दरवर्षी नवी कुंडी घेतल्याने रोपवाटिकांचा चरितार्थ चालतो. हे खरे आहे. परंतु कंद जपणारा मनुष्य रोपवाटिकेकडे पाठ फिरवत नाही. जे रंग आपल्याकडे नाहीत, ते शोधण्यासाठी तोच अधिक उत्सुकतेने तेथे जातो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : येथे कंद टिकतच नाहीत. त्यामागील कारण समजून घ्यायला हवे. मेक्सिकोच्या डोंगरांत डेलिया पावसाळ्यात वाढतो आणि कोरड्या, थंड ऋतूत कंदरूपाने विश्रांती घेतो. दिवस लहान होऊ लागले की झाड आपली शिदोरी कंदात भरू लागते, ती याच विश्रांतीसाठी. भारताच्या मैदानी प्रदेशांत हे वेळापत्रक उलटे होते. येथे तो हिवाळ्यात फुलतो आणि त्याची विश्रांती नेमकी कडक उन्हाळा आणि मुसळधार पाऊस यांच्या वाट्याला येते. उन्हाळ्यात कंद सुकतो, पावसाळ्यात कुजतो. तेव्हा दोष कंदाचा नसून ऋतूचा आहे, आणि थोड्या काळजीने त्यावर मात करता येते.

बहर ओसरला की पाणी हळूहळू कमी करावे. पाने पूर्ण पिवळी पडल्यावर खोड जमिनीपासून वीतभर राखून कापावे, कंदांचा घोस अलगद काढावा आणि काही दिवस सावलीत सुकू द्यावा. त्यानंतर तो कोरड्या वाळूत अथवा नारळाच्या भुशात, हवेशीर व सावलीच्या जागी ठेवावा. महिन्यातून एकदा पाहणी करावी. कंद सुरकुतलेला दिसल्यास पाण्याचा हलका शिडकावा द्यावा, मऊ पडलेला भाग कापून टाकावा. जागा कमी असल्यास कंद कुंडीतच ठेवून ती सज्जाखाली, पावसाचा थेंबही पोहोचणार नाही अशी आडवी करून ठेवली तरी चालते. पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑगस्टअखेर वा सप्टेंबरात, ओलसर वाळूत कंद पुन्हा जागा होतो. एक गोष्ट मात्र विसरू नये. बटाट्याला अंगभर डोळे असतात, तसे डेलियाच्या कंदाला नसतात. कोंब फुटतो तो खोड आणि कंद यांच्या सांध्यावर. म्हणून घोस विभागताना प्रत्येक तुकड्याबरोबर त्या सांध्याचा अंश यायलाच हवा. नुसता कंद कितीही टपोरा असला तरी निष्फळ ठरतो. कोंब तीनचार इंचांचे झाले की त्यांची छाट कलमे लावून एका कंदापासून अनेक रोपे करता येतात.

जपण्यातही तारतम्य हवे. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे पडून झाड खुरटले असेल, तर ते विषाणूचे लक्षण असू शकते. असा कंद पुढच्या वर्षी रोगच घेऊन येतो आणि मावा कीड तो शेजारच्या कुंडीतही पोहोचवते. अशा झाडाचा मोह टाळलेलाच बरा. निरोगी कंदावर मात्र फुलाच्या रंगाची, आकाराची आणि ठाऊक असल्यास वाणाच्या नावाची चिठ्ठी बांधावी. ही चिठ्ठी बहर असतानाच लिहायची असते, कारण वाळलेले कंद सारे एकसारखेच दिसतात.

प्रदर्शने भरवणाऱ्या संस्थांकडूनही थोडी अपेक्षा आहे. आज कौतुक होते ते मुख्यतः आकाराचे. बाजूच्या साऱ्या कळ्या खुडून एकच फूल ताटाएवढे करणे, यात कौशल्य आहे यात शंका नाही. परंतु घरी जपलेल्या कंदापासून सलग काही वर्षे वाढवलेल्या झाडांसाठी एखादा स्वतंत्र विभाग ठेवला, आणि प्रत्येक कुंडीवर वाणाच्या नावाची पाटी सक्तीची केली, तर पाहणाऱ्यांच्या दृष्टीत हळूहळू फरक पडेल. वसाहती, शाळा आणि कार्यालये यांच्या आवारात दरवर्षी हिवाळी कुंड्या मांडल्या जातात. त्यांच्या देखभालीच्या कामात मार्चअखेरीस कंद काढून ठेवण्याचे काम जोडणे मुळीच अवघड नाही.

बदलीच्या नोकरीत घर हलवताना कुंड्या मागे सोडाव्या लागतात, ही खंत अनेक कुटुंबांना परिचित आहे. डेलियापुरता तरी त्यावर सोपा इलाज आहे : वर्तमानपत्रात गुंडाळलेला मूठभर कंद कपड्यांच्या पेटीतही मावतो. नागपूरचा डेलिया असाच भोपाळला फुलू शकतो, आणि तेथून निघताना शेजाऱ्याच्या हाती ठेवलेला त्याचा एक तुकडा मागे राहिलेल्या अंगणातही. वाण जिवंत ठेवण्याची याहून खात्रीची रीत नाही, कारण एका घरातला कंद कुजला तरी दुसऱ्या घरातला उरतो.

ठेवीचे व्याज खर्चावे आणि मुद्दल राखावे, हा विवेक मराठी घरांना नव्याने शिकवावा लागत नाही. डेलियाचे फूल हे त्या हंगामाचे व्याज. मुद्दल मातीखाली आहे. यंदाच्या मार्चमध्ये कुंडी रिकामी करताना ती माती एकदा हाताने चाळून पाहिली जावी, एवढेच पुरेसे आहे.