गिऱ्हाईक पाहून बाजू बदलणारं पिस्तूल

आमच्या मामांच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर काचेच्या पेटीत एक पिस्तूल आहे. रांजणगाव एमआयडीसी आली आणि कारेगावात ज्यांच्या जमिनीला सोन्याचा भाव आला, त्यांतले मामा एक. जमिनीच्या पैशातून कामगारांसाठी खोल्या उठल्या, खोल्यांच्या भाड्यातून गाडी आली, आणि मग सव्वाचार लाखांना हे पिस्तूल आलं. विकणाऱ्यानं सांगितलं, कोरेगावच्या लढाईतलं आहे, पेशव्यांच्या एका सरदाराच्या कमरेचं.

दोन महिन्यांनी कॉलेजातल्या एका मित्राचा व्हॉट्सअ‍ॅप आला. सोबत फोटो. ‘कोरेगावला कंपनीच्या बाजूनं लढलेल्या महार शिपायाचं पिस्तूल आहे. वर्गणी काढून घ्यायचा विचार आहे. तू जरा बघतोस का?’ तो दर 1 जानेवारीला जयस्तंभाला जातो, विकणाऱ्याला ते माहीत असणार. विकणारा तोच. मुठीच्या पितळी टोपणावर जो पोचा मामांच्या पिस्तुलाला आहे, तोच पोचा, त्याच जागी, या फोटोतही होता. दोन पिस्तुलं दोनशे वर्षांत वेगवेगळ्या हातांतून फिरली तर त्यांना एकाच ठिकाणी, एकाच आकाराचा पोचा पडत नाही. एकाच साच्यातून ओतली तर पडतो.

म्हणजे वस्तू एकच, गोष्टी दोन. समोरच्याचं आडनाव ऐकायचं आणि पिस्तुलाची बाजू ठरवायची. या धंद्यात मला सगळ्यात जास्त चीड याची येते. लोखंडाची किंमत कुणी घेत नाही. तुमच्या आजोबांच्या अभिमानाची घेतात, आणि तीही पाव्हणा कोण ते पाहून.

अशी थाप पचते, कारण तिच्यात अर्धं खरं असतं. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहूनच निघाली होती. आठशेच्या आसपास माणसं आणि दोन तोफा. ती पुण्याच्या दिशेनं चालत सकाळी भीमेकाठी कोरेगावला पोचली. आमचं गाव शिरूर आणि कोरेगावच्या मधे पडतं. तुकडी इथूनच कुठून तरी गेली असणार, असं लहानपणापासून आम्हाला वाटत आलंय. मग एखादं पिस्तूल कुणाच्या माळ्यावर सापडलं, हे ऐकायला किती सोपं जातं!

आता पिस्तुलाकडे वळू. मी तज्ज्ञ नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधतो, एवढंच. पण दिवाळीत मोबाईलचा टॉर्च आणि दीडशे रुपयांचं भिंग घेऊन मी ते पिस्तूल तासभर पाहिलं.

पहिली गोष्ट बघायला भिंगही लागलं नाही. बाजूच्या पट्टीवर मुकुट, ‘टॉवर’ ही अक्षरं आणि साल 1818. लढाई झाली 1 जानेवारी 1818 ला. इंग्लंडात 1818 साली बनलेलं पिस्तूल आफ्रिकेला वळसा घालून, कित्येक महिन्यांचा समुद्रप्रवास करून 1 जानेवारीला कोरेगावात हजर! मी मामांना हे दाखवलं तर ते म्हणाले, “आरं, साल बरोबर हाय न्हवं?” साल फारच बरोबर होतं, हाच तर लोचा होता.

दुसरी गोष्ट घोड्याची. घोडा म्हणजे चाप ओढला की आपटतो तो भाग. त्या काळातल्या चकमकीच्या पिस्तुलात घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरलेली असते. ती पोलादी झडपेवर घासते, ठिणगी पडते, छोट्या वाटीतली बारीक दारू म्हणजे रंजक पेटते आणि मग बार उडतो. मामांच्या पिस्तुलाला वाटीच नाही. तिथे एक बारीक नळी आहे. तिच्यावर तांब्याची टोपी बसवायची आणि घोडा हातोडीसारखा तिच्यावर आपटायचा. या कल्पनेचं मूळ पेटंट स्कॉटलंडच्या फोर्साइथ नावाच्या पाद्र्यानं 1807 साली घेतलं, पण तांब्याची टोपी रुळली 1820 नंतर, आणि ब्रिटिश सैन्यानं ती पद्धत घेतली 1840 च्या सुमाराला. 1818 मध्ये कोरेगावला दोन्ही बाजूंना हे नव्हतं.

एक शंका मात्र रास्त आहे. जुनी चकमकीची पिस्तुलं नंतर टोपीची करून घ्यायची पद्धत होती. तसं असेल तर वाटी आणि झडपेची कमान काढलेल्या जागी बुजवलेली भोकं दिसतात. मी ती शोधली. पट्टी कोरी करकरीत होती.

तिसरी गोष्ट म्हणजे नळीवर देवनागरीत कोरलेलं ‘श्री भवानी’. हातानं छिन्नी चालवली की रेघ कुठे खोल जाते, कुठे उथळ, वळणावर हात अडखळतो. ही अक्षरं सगळीकडे सारख्याच खोलीची. आमच्या एमआयडीसीत पार्टवर नंबर टाकायला लेझर मशीन असतं, अगदी तसली. भोवतीचा गंज जुना दिसतो, अक्षरांच्या आत धातू चकचकतो. खरं सांगतो, फॉन्टही ओळखीचा वाटला.

त्या काळी कंपनीच्या हत्यारांवर कंपनीची स्वतःची खूण असायची. आधी बदामासारख्या आकृतीत अक्षरं, 1808 पासून मागच्या पायांवर उभा असलेला सिंह. शिवाय बंदुकीची नळी फुटत नाही ना, याची चाचणी केल्याचे ठसे असायचे. लंडनचे वेगळे, 1813 च्या कायद्यानंतर बर्मिंगहॅमचे वेगळे. हे सगळं म्हणजे त्या हत्याराचा गिट लॉग. कुणी बनवलं, कुणी तपासलं, कधी बदललं. मामांच्या पिस्तुलाला एकच कमिट आहे आणि तो अलीकडचा आहे.

हे सगळं ऐकून घरात मला काय ऐकावं लागलं? “लई शिकलास म्हणून इतिहासाला खोटं पाडतोस व्हय?” मामेभाऊ तर सरळ म्हणाला, “दादा, तू कुणाच्या बाजूचा?”

हा प्रश्न आमच्या हॉलपुरता नाही. जुलै 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात, आधी साताऱ्याला, आली. ती ग्रँट डफच्या घराण्याकडून आलेली. पण हीच अफजलखानाच्या वधाची वाघनखं, हे खात्रीनं सांगता येत नाही, असं ते म्युझियम स्वतःच सांगतं. कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी तेच इथे ठणकावून सांगितलं. शंका मालकालाच आहे, आणि चिडतो मात्र आपण, तीही शंका बोलून दाखवणाऱ्यावर. महाराजांचा पराक्रम त्या चार नखांवर टांगलेला आहे का? मग एवढं घाबरायला काय झालं?

उलटं उदाहरणही आपल्याकडेच आहे. 2025 मध्ये राज्य सरकारनं सदबीजच्या लिलावातून रघूजी भोसल्यांची तलवार सुमारे 47 लाखांना घेतली. तिचं पातं युरोपी घडणीचं आणि त्यावर देवनागरीत सेनासाहेब सुभा या पदासकट रघूजींचं नाव. मराठे सरदार चांगलं पातं परदेशातून घ्यायचे, हे त्या लोखंडावरच वाचता येतं. वस्तू बोलते ती अशी. सोबत कुणी एजंट बोलायला लागत नाही.

माझ्यावर एक आक्षेप येतो, तो मला मान्य करायला जड जात नाही. कागद मागणं म्हणजे ज्यांच्याकडे कागद होते त्यांचाच इतिहास खरा मानणं. शिपायाच्या घरात कुठली पावती? बरोबर आहे. तीन पिढ्या एका घरात सांगितली गेलेली आठवण मी पुरावा म्हणून ऐकेन. पण लॉजवरच्या खोलीत काल भेटलेल्या माणसाची बडबड म्हणजे मौखिक परंपरा नव्हे. कोरेगावच्या जयस्तंभावर पडलेल्या शिपायांची नावं दगडात कोरलेली आहेत. त्यांतलं एक उचलून ओतीव पितळेला चिकटवणं ही मला चोरीच वाटते. पेशव्यांच्या बाजूचं म्हणाल, तर पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल पडून आहेत. मोडी शिकायला सव्वाचार लाख लागत नाहीत.

तुम्हालाही कुणी असं काही विकायला आलं, तर त्याला एक विचारा. 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. ‘दोनशे वर्षं जुनं’ म्हणणाऱ्याकडे तो नसेल, तर एक तर वस्तू जुनी नाही किंवा धंदा बेकायदा आहे. आणि शस्त्र कायद्याच्या कलम 45 मधली सूट जुन्या हत्यारांना आहे, पण दुरुस्त करूनही बार उडणार नाही अशांनाच. ‘अजून चालतंय साहेब’ हे ज्या अभिमानानं सांगितलं जातं, त्यातच पोलीस स्टेशनची पायरी लपलेली असते.

माझ्या मित्रानं वर्गणी थांबवली. मामांनी मात्र मला वेगळंच काम सांगितलं. चांगले फोटो काढून दे, इंग्रजीत चार ओळी लिहून दे, कोरेगावचं नाव टाक, आपण पुढं विकून टाकू. “मला फसवलं, मग मी का गप बसू?” मी नाही म्हणालो. भाऊबीजेला आईला माहेरी सोडलं आणि मी बाहेर गाडीतच बसून राहिलो.

परवा त्यांचा फोन आला. साताऱ्याहून कुणीतरी पिस्तूल बघायला येणार आहे. मी त्या माणसाचा नंबर मागितला. मामांनी दिला नाही.